अकरा पिंपांचा दोष

४ मार्च, मंगळवार

रोज्याचा चौथा दिवस. इमाम म्हणाले होते, पोट उपाशी ठेवणं सोपं आहे, जीभ उपाशी ठेवून दाखवा. माझी जीभ राहत नाही. म्हणून ही वही. पंपावर दिवसभर जे गिळतो ते संध्याकाळी उपास सोडल्यावर इथे उतरवायचं. आठवीपर्यंत गावच्या शाळेत शिकलो, तेवढं अक्षर अजून शाबूत आहे.

सकाळी केंगेशबेकचा फोन आला. "दाजी, शहात्तर करा." परवाच चौऱ्याहत्तर केला होता. त्याआधी पेट्रोल अडुसष्ट सोमला लीटर होतं. मी शिडी लावली, पत्र्याचे आकडे काढले, नवे अडकवले. रांगेतले सगळे मान वर करून माझ्याकडे बघत होते. आकडा अडकवणारा हातच आकडा वाढवतो, असं माणसाला वाटतं. वाटू दे.

केंगेशबेक माझ्या बायकोचा, बुरुलचाचा, धाकटा भाऊ. पंप त्याचा, आणि नऊ वर्षं त्याच्यावर उभा मी. गावसभेवर तो निवडून आला आहे, आता संसदेसाठी उभा राहायचं म्हणतो. माणूस वाईट नाही. बोलतो जास्त.

६ मार्च, गुरुवार

आज एकोणऐंशी. रांग पार पुलापर्यंत गेली होती. थंडीत गाड्या बंद ठेवून लोक बाहेर उभे होते आणि दोष कुणाचा ते ठरवत होते. काल रेडिओवर मंत्री म्हणाला, सीमेपलीकडचा तेलाचा कारखाना दुरुस्तीला काढलाय. विरोधातला म्हणाला, कारखाना धडधडीत चालू आहे, मंत्र्याचा भाऊ रेल्वेच्या तेलवाघिणी अडवून बसलाय. आयात करणारे म्हणाले, रेल्वे. रेल्वे म्हणाली, बर्फ.

"बर्फ!" मिनीबसवाला काचिबेक ओरडला. "बर्फ काय यंदा पहिल्यांदा पडलाय का? माझ्या आजाच्या काळीही पडायचा."

"तुझ्या आजाकडे घोडा होता," मागून कुणीतरी म्हणालं.

"घोडा बरा होता. मंत्री ऐकून तो भाव वाढवत नव्हता."

सगळे हसले, मीही हसलो. मग काचिबेकने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कशाला हसताय, बायके? तुमचा तर धंदा जोरात आहे." थोरल्या भावाला म्हणतात तसं 'बायके' म्हणाला, पण स्वर भावाचा नव्हता. मी त्याला पंधरा लीटर भरून दिलं. थेंब न थेंब पुरा. अल्लाह साक्षी आहे.

९ मार्च, रविवार

टँकर आला. अर्धाच रिकामा केला. मी विचारलं तर टँकरवाला म्हणाला, "उरलेलं तुमच्या सासऱ्यांच्या शेडवर टाकायचंय. मालकाने सांगितलंय." बुरुलचाच्या वडिलांची मेंढ्या कातरायची ती जुनी शेड ओढ्याच्या वर आहे. केंगेशबेकला फोन केला. म्हणाला, "पेरणीचं आहे, दाजी. ट्रॅक्टरवाल्या गरिबांना नंतर जुन्या भावात देऊ. आत्ता बोललो तर लोक लुटतील."

मनातल्या मनात त्याची माफी मागितली. मी त्याला बोलघेवडा समजत होतो, आणि हा गरिबांचा विचार करतो.

बुरुलचा हल्ली रोज दुपारी शेडवर जाते, कोकरांचा चारा बघायला. आज तिच्या शालीला पेट्रोलचा वास येत होता. माझ्याच कपड्यांचा लागला असणार. नऊ वर्षं या वासाने तिचं घर भरलंय, कधी कुरकुर केली नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज ब्याऐंशी. दुपारच्या नमाजानंतर काचिबेकने मला मारलं.

तो म्हणाला, "भाडं वाढवलं की म्हाताऱ्या शिव्या देतात, नाही वाढवलं की घरात चूल पेटत नाही, आणि तुम्ही शिडीवर चढून मजा बघता!" मी म्हणालो, "काचिबेक, आकडा माझा नाही." तो म्हणाला, "हात तुमचाच ना?" आणि थोबाडीत दिली. काल्पाक डोक्यावरून उडून नळीखालच्या तेलात पडला.

एकोणपन्नास वर्षांच्या माणसाची टोपी! तीस-चाळीस जण उभे होते, एकानेही उचलून दिली नाही. मी ती उचलली, पुसली, डोक्यावर घातली. मग त्याच्या गाडीत दहा लीटर भरलं, कारण त्याची पाळी होती.

मी रागावलेलो नाही. रोज्यात राग म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी. पण लिहून ठेवतो की मी रागावलेलो नाही, आणि लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

बुरुलचाने काल्पाक तीनदा धुतला. डाग गेला नाही. धुताना ती रडत होती. मी म्हणालो, "टोपीचं काय एवढं?" तर आणखीच रडली.

१६ मार्च, रविवार

केंगेशबेक उपास सोडायला आला. येताना अख्खी कोकराची मांडी घेऊन आला. आमच्या घरी इतकं मांस ईदलाही शिजत नाही.

जेवण झाल्यावर मला जवळ बसवलं. "दाजी, मंगळवारी तालुक्याची समिती येतेय, दर तपासायला. त्यांना एक नाव पाहिजे. माझं नाव गेलं तर माझी निवडणूक गेली, पंप गेला, तुमची भाकरीही गेली."

"मग कारखान्याचं नाव सांग, रेल्वेचं सांग."

"ते वरचे. समितीला खालचं पाहिजे." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमचं घालू या. नोकराने मालकाला न विचारता दर वाढवला, असं. दंड मी भरतो. लोक दोन दिवस बडबडतील आणि विसरतील. पाच वेळा नमाज पढणारा माणूस तुम्ही, तुम्हाला कोण काय करणार?"

बुरुलचा चहा ओतत होती. वाटी भरून सांडली तरी ओततच राहिली.

मी म्हणालो, "अल्लाह बघतोय, केंगेशबेक." त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "मला माहीत होतं, तुम्ही घरच्या माणसाला टाकणार नाही."

मला नाही म्हणायचं होतं. मी नाहीच म्हणालो होतो. त्याला ते हो कसं ऐकू गेलं?

१८ मार्च, मंगळवार

समिती आली. प्रमुख मक्सूतोव साहेब, सोबत दोघं, आणि मोबाईलवर चित्रण करणारी एक मुलगी. पंपावर दहा मिनिटं होते. नळीखाली मापाचं भांडं धरलं. माप बरोबर निघालं तर साहेबांचं तोंड पडलं. तिथून केंगेशबेकच्या घरी गेले. रोजे चालू असताना भरदुपारी त्याच्या अंगणातून मटणाच्या शोरप्याचा वास येत होता. साहेब प्रवासात आहेत, म्हणे, प्रवाशाला माफ असतं. तालुका इथून चाळीस किलोमीटर आहे.

१९ मार्च, बुधवार

गावाच्या मोबाईल गटात माझा चेहरा फिरतोय. खाली लिहिलंय: 'दरवाढीचा दोषी सापडला. पंपावरच्या नोकराने मालकाच्या परस्पर भाव चढवले.' चित्रात मी नळी धरून हसतोय. ते हसू सहा तारखेचं आहे, घोड्याच्या विनोदाचं. कुणी काढलं होतं कोण जाणे.

दुकानात मीठ घ्यायला गेलो. दुकानदारीण म्हणाली, "तुम्हाला कोणत्या भावात देऊ, बायके? जुन्या की तुमच्या?"

बायकांपुढे अशी शरम. वडील वारले तेव्हा मागे जमीन ठेवली नव्हती, मेंढ्या ठेवल्या नव्हत्या. गावात कुणी विचारलं की लोक म्हणायचे, 'सगिनाली ना? तालिपचा मुलगा. त्यांच्या घरात खोटं बोलत नाहीत.' तेवढंच ठेवलं होतं. तेही मांडीभर मांसात गेलं.

२१ मार्च, शुक्रवार

नोरूझ, वसंताचा सण. मोठ्या कढईत मोड आलेल्या गव्हाचा सुमोलोक शिजत होता. ढवळायला जो येईल त्याच्या हातात पळी देतात, अशी रीत. मी गेलो. पळी माझ्या हातात आली नाही. माझ्या शेजारून पुढे गेली.

आज सत्त्याऐंशी. आता तर मला दोषी ठरवून झालंय. मग आजचे पाच कुणी वाढवले?

२४ मार्च, सोमवार

मी ओसमोनकुल आक्साकालांकडे गेलो. गावच्या पाच पंच म्हाताऱ्यांत ते सर्वांत वडील. त्यांनीच मला अक्षरं शिकवली. त्यांना दराचं सगळं सांगितलं. केंगेशबेक फोनवर आकडा सांगतो आणि मी लावतो, एवढंच. शेडमधल्या पेट्रोलचं नाव काढलं नाही, ते पेरणीचं, गरिबांचं, लोक लुटतील. दाढी कुरवाळत त्यांनी ऐकलं.

"पंचांपुढे सांगशील?"

"सांगेन."

"मग बुधवारी नानावर बसू," म्हणाले.

आमच्या गावात नानावर बसणं म्हणजे साधी गोष्ट नाही. शपथ घेणारा नान हातात धरून बोलतो. मग तो नान जमलेल्यांत फिरतो, प्रत्येक जण तुकडा मोडून खातो. शपथ खोटी असेल तर ज्यांनी खाल्ला ते सगळे त्या पापाचे वाटेकरी. न खाणं म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणणं. माझ्या हयातीत तीनदा बसले, आणि न खाल्लेला माणूस मी पाहिलेला नाही.

बुरुलचाला सांगितलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "बायकांनाही बोलावलंय का?" मी म्हणालो, हो. ती बराच वेळ तेच पीठ मळत राहिली.

२६ मार्च, बुधवार

जुन्या सभागृहात जमलो, सूर्य डोंगराला टेकता टेकता. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. मध्ये दस्तरखान अंथरलेला, त्यावर एकच नान.

आक्साकालांनी आधी मला विचारलं, "सगिनाली, नान धरून बोलशील?"

मी म्हणालो, "खरं आहे ते मी तुम्हाला सांगितलंय. खऱ्याला शपथ लागत नाही. वडिलांनी आम्हाला शपथ घेऊ दिली नाही, खरीसुद्धा."

सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "भ्यायला." मला कळलं, मी माझ्याच हाताने खड्डा खणला. पण आता काय करणार? वडिलांची एकच शिकवण धरून बसलोय, ती कधी बाजारभावाने सोडायची?

केंगेशबेक उठला. नवा कोट, पांढराशुभ्र काल्पाक. "मी घेतो, आक्साकाल. माझं मन साफ आहे."

काचिबेकने मध्येच विचारलं, "आधी फोन दाखवा. रोज सकाळी तुमच्या दाजींना कशाला फोन जायचा?"

"आता बहिणीच्या घरी फोन करणंही गुन्हा झाला का?" केंगेशबेक हसला, आणि लोकही हसले. त्याने नान उचलला. "दर मला न विचारता वाढला. मी एक थेंबही लपवलेला नाही. खोटं बोलत असेन तर हा नान मला भोवो." माझ्याकडे न बघता बोलला. आवाज जराही हलला नाही.

बांग झाली. त्याने तुकडा मोडला, खाल्ला. ओसमोनकुलांनी खाल्ला. नान रांगेतून माझ्याकडे आला. दिवसभराचा उपाशी मी, आणि ताज्या नानाचा वास. मला त्या क्षणी जो राग आला तो याआधी कधी आला नव्हता. थोबाडीत बसली तेव्हाही नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बिचाऱ्यांनी त्याचं पाप भुकेपोटी गिळलं होतं, आणि त्याने ते अल्लाहच्या अन्नात कालवून दिलं होतं! मी नान तसाच शेजारच्याला दिला.

नान फिरत बायकांकडे गेला. बुरुलचाकडे आला. तिने दोन्ही हातांनी घेतला, ओठांना लावला, आणि दस्तरखानावर ठेवला.

आक्साकाल म्हणाले, "मुली, तू सख्खी बहीण आहेस."

"म्हणूनच, आक्साकाल," ती म्हणाली.

केंगेशबेकचा चेहरा त्याच्या काल्पाकासारखा झाला. तिच्या पुढच्या बायकांनी नानाला हात लावला नाही.

घरी येताना मी तिला म्हणालो, "माझ्यासाठी भावाला पाडलंस. मी विसरणार नाही." तिने शाल ओढून घेतली आणि पावलं वाढवली.

२७ मार्च, गुरुवार

तिने माझ्यासाठी नाही केलं. तिला माहीत होतं.

सकाळी तिने शेडची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "अकरा पिंपं आहेत. पेरणीचं नाही. शंभरच्या वर गेलं की विकणार होता. झाकणं घट्ट करायला, वर चारा टाकायला मी जायचे."

"कधीपासून?"

"रोज्याच्या पहिल्या आठवड्यापासून."

म्हणजे काचिबेकने मला मारलं तेव्हा तिला माहीत होतं. काल्पाक धुताना माहीत होतं. गटात माझा चेहरा फिरला, दुकानदारिणीने टोमणा मारला, सुमोलोकाची पळी शेजारून गेली, आणि किल्ली हिच्या कमरेला होती! मी ओरडलो. संसाराच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा ओरडलो. रोजा होता, आणि मी भिंतीवर चहाची वाटी फेकली.

ती म्हणाली, "आईला मरताना शब्द दिला होता, धाकट्याला उघडा पाडणार नाही म्हणून. तुम्ही वडिलांचा शब्द सोडलात का काल? अहो, माझ्या शालीला रोज वास येत होता. एकदा तरी विचारलंत?"

मी वाटीचे तुकडे गोळा केले. मग किल्ली घेऊन ओसमोनकुलांकडे गेलो.

३१ मार्च, सोमवार

काल ईद झाली. शेड सगळ्या गावाने उघडलेली पाहिली. अकरा पिंपं, काठोकाठ. तालुक्याने सील केली. केंगेशबेक राजधानीला गेला, पोटाच्या उपचाराला म्हणे. जाताना बहिणीला फोन करून गेला, "तू मला मेलीस." ती ईदचे बोरसोक तळत होती. तळत राहिली, आणि पहिला घाणा करपला.

नमाजानंतर काचिबेक सगळ्यांसमोर आला. डोळे खाली. नवा काल्पाक दोन्ही हातांवर धरलेला. "बायके, एक माझ्या तोंडात मारा आणि मग हा घाला." मी मारलं नाही. मारावंसं वाटलं, हे खरं लिहितो. काल्पाक घेतला. थोडा घट्ट होतो.

दुकानदारीण म्हणाली, "तालिपचा मुलगा तो. मी तर आधीपासून म्हणत होते."

२ एप्रिल, बुधवार

पंप बंद ठेवता येत नाही म्हणून तालुक्याने तात्पुरता मलाच चालवायला सांगितलाय. आकडा आता थेट मक्सूतोव साहेबांच्या कचेरीतून येतो. आज सकाळी आला. शहाण्णव.

आणि दुपारी रेडिओवर मंत्री! "दरवाढीचं मूळ सापडलं आहे. गावोगावचे साठेबाज. एका डोंगरी गावात नुकतीच अकरा पिंपं..." आमची अकरा पिंपं. अख्ख्या देशाचं पेट्रोल आमच्या मेंढ्यांच्या शेडमध्ये होतं! कारखान्याची दुरुस्ती संपली, बर्फ वितळला, मंत्र्याचा भाऊ साधू झाला. बुरुलचाने भाऊ गमावून जे खरं काढलं, ते त्यांनी धुवून पुसून खोट्याला वापरायला घेतलं. मी रेडिओ बंद केला. राग आहे. आता 'राग नाही' म्हणून लिहीत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

मक्सूतोव साहेब परत आले. तीच मुलगी, यावेळी खरा कॅमेरा. मला नळीजवळ उभं केलं. "तुमच्यावर अन्याय झाला, सगिनाली बायके," साहेब म्हणाले. पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. "आता तुमचं नाव पुऱ्या देशात साफ करू. एवढं वाचा आणि सही करा. पंपही तुमच्याच नावावर करता येईल, बघू."

कागदावर होतं: केंगेशबेकच्या साठेबाजीमुळे तालुक्यात दर वाढले, दोषी सापडल्यामुळे आता ते उतरतील.

मी दोनदा वाचलं. ज्याने माझं नाव मातीत घातलं त्याचंच नाव होतं. सही करायला हात पुढे गेलाही. मग बोर्डाकडे लक्ष गेलं.

"त्याने अकरा पिंपं लपवली, हे लिहा, सही करतो," मी म्हणालो. "माझ्यावर खोटं घातलं, नानावर खोटं बोलला, लिहा, सही करतो. पण हा शहाण्णव त्याचा नाही. हा परवा तुमच्या कचेरीतून आला. उतरणार कधी, तेवढं सांगा, तेही वाचतो."

मुलीने कॅमेरा खाली घेतला.

"मेहुण्याला वाचवताय?" साहेबांनी आवाज बदलला. "म्हणजे तुम्हीही सामील होता, असंच समजायचं का?"

"समजा. एकदा समजून झालंच आहे."

त्यांनी कागद दुमडला. जाता जाता ड्रायव्हरने त्यांची जीप सरळ नळीपुढे आणली. मी म्हणालो, "रांग मागे आहे, साहेब."

"मी समितीवर आहे."

"रांग पुलापर्यंत आहे."

काचिबेकने मिनीबसमधून डोकं काढलं. "या साहेब, आमच्यामागे या. बर्फ नाहीये आज, रस्ता मोकळा आहे." माणसं हसली, पण कुणी जागचं हललं नाही. जीप मागे गेली. ट्रॅक्टर होता, डबे घेतलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या, कोकरं भरलेली गाडी होती. सगळ्यांच्या मागे जीप. पाऊण तास मी एकेकाला भरत गेलो, प्रत्येकाला दहा लीटर. जीपच्या पुढे दोन गाड्या राहिल्या आणि नळीतून हवा आली. टाकी संपली. मी नळी अडकवली.

साहेब खाली उतरून ओरडले, "संपलं कसं? यात दोष कुणाचा?"

महिनाभर या रांगेत या प्रश्नाला कुणाचं ना कुणाचं नाव तयार असायचं. आज सगळे नुसते साहेबांकडे बघत उभे राहिले.